एका जोडलाकडाची दुरुस्ती

धर्मग्रामाच्या कचेरीत माणसे बहुधा कागद घेऊन येतात. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला विवाहाच्या घोषणा लावायच्या असतात, कुणाचा बांधावरून शेजाऱ्याशी तंटा झालेला असतो. २०२४ सालच्या मे महिन्यात मात्र आमच्या धर्मग्रामातील एक चाळिशीचा गृहस्थ आमच्याकडे आला तो गोणपाटात गुंडाळलेले एक लाकूड घेऊन. ते त्याने मेजावर ठेवले आणि तो म्हणाला, “फादर, हे माझ्या बापाने केलेले. हे दुरुस्त होईल तर करा. नाहीतर तुमच्याच हाताने फेकून द्या. माझ्याने ते फेकवत नाही आणि ठेववतही नाही.”

गोणपाट उलगडून आम्ही पाहिले. नऊ इंच लांबीचा आंब्याच्या लाकडाचा ओबडधोबड तुकडा, एका बाजूने पन्हळीसारखा कोरलेला. एका टोकाला पत्र्याच्या दोन पट्ट्या स्क्रूने बसविलेल्या. मधोमध तारेचे वेढे, तारेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर आणि रबरावर काळी चिकटपट्टी. लाकडाला बारीक छिद्रे पडलेली होती आणि मेजावर ठेवताच त्यांतून पिवळसर भुसा गळला. वस्तू कशाची ते आम्हांला ओळखता येईना.

ती बंदुकीची होती.

आमचा हा धर्मग्राम सावंतवाडी तालुक्यातला. वर्षाकाठी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, डोंगराच्या कुशीत भाताची खाचरे, वर काजू-आंब्याची कलमे आणि त्यांच्यामागे लगेच रान. पीक पोटरीला आले की रानडुकरे उतरतात. एका रात्रीत कळप खाचर असे तुडवून जातो की सकाळी कापणीसाठी काही उरत नाही. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यामुळे डुकराला मनास येईल तेव्हा मारता येत नाही, आणि येथील बहुतेक शेतकऱ्यांना मारायचेही नसते. बार काढून कळप परतवला म्हणजे पुष्कळ झाले. त्यासाठी शेती संरक्षणाचा परवाना काढून काही घरांनी बंदूक ठेवलेली असते. या गृहस्थाच्या बापाकडे अशीच एक जुनी एकनळी, बारा बोअरची बंदूक होती.

बारा बोअर म्हणजे काय, हे आम्हांलाही त्या दिवसांतच समजले. नळीच्या पोकळीत नेमकी बसेल अशा मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या केल्या तर त्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअरची. पोकळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. ही बंदूक मध्ये मोडते, काडतूस मागून घालायचे आणि पुन्हा मिटायची. नळीच्या खाली, डाव्या हाताच्या पकडीसाठी, एक आखूड लाकूड असते. ते ओढून काढले की नळी वेगळी होते आणि साफ करता येते. या लाकडाच्या पुढे नुसते लोखंड. लागोपाठ चार-पाच बार काढले की ते तापते, आणि हात पुढे सरकला तर भाजतो. बापाने केलेला तुकडा त्या आखूड लाकडाला पुढे जोडलेला होता.

बाप २०२४ च्या फेब्रुवारीत देवाघरी गेला. परवाना व्यक्तीच्या नावे असतो, तो बापाकडून मुलाकडे आपोआप येत नाही. म्हणून मुलाने स्वतःच्या नावे अर्ज केला होता आणि दरम्यान बंदूक एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा होती. हा विक्रेता दुरुस्तीचाही परवाना असलेला, वृद्ध आणि आपल्या कामात चोख माणूस. त्यानेच हा तुकडा उतरवून मुलाच्या हाती दिला होता आणि बजावले होते, “हा परत या नळीला लागणार नाही.”

“तसा मलाही तो नकोच आहे,” गृहस्थ म्हणाला. “दोन वर्षांपूर्वी ह्याच लाकडापायी माझा मुलगा मरता मरता वाचला.”

त्याने जे सांगितले ते असे. २०२२ च्या ऑक्टोबरात तो सुटीवर गावी आला होता. रात्री कळप आला. बाप बंदूक घेऊन बांधावर गेला, आणि त्याचा बारा वर्षांचा नातू विजेरी घेऊन पुढे उभा राहिला. तिसऱ्या बाराच्या वेळी तो तुकडा बापाच्या हातात फिरला, नळी खाली आली आणि छर्रे मुलाच्या पायांपासून चार हातांवर मेरेच्या मातीत घुसले. त्या रात्री बाप-लेकांत जे बोलणे झाले ते शेवटचेच म्हणायचे. गृहस्थ दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन मुंबईला गेला आणि पुढे परतला तो मर्तिकाला.

आम्ही काही क्षण गप्प राहिलो. मग एक प्रश्न आमच्या मनात आला तो येथे लपवीत नाही: धर्मगुरूने बंदुकीच्या कामात हात घालावा काय? पण आमच्यासमोर बंदूक नव्हती, लाकूड होते. ज्याला ते हवे होते त्याला आपल्या भाताचे रक्षण करायचे होते. आणि जे सदोष होते त्याने एका बालकाचा जीव जवळजवळ घेतला होता. त्याखेरीज आणखी एक कारण होते, ते जरा कमी उदात्त. आमचे वडील सुतार होते. त्यांची हत्यारपेटी आमच्याकडे आहे, आणि सेमिनरीत असताना हस्तकामाच्या तासाला जी शाबासकी मिळे ती तत्त्वज्ञानाच्या तासाला कधी मिळाली नाही. लाकूड दिसले की आमचे हात शिवशिवतात.

“आधी त्या विक्रेत्याला भेटू,” आम्ही म्हणालो.

भेटलो ते बरे झाले. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही, हे त्याने आम्हांला प्रथम ऐकवले. ठरले ते असे की नळीला हात लावायचा तो त्यानेच. आम्ही लाकूड कोरून द्यावे, आणि ते योग्य की अयोग्य हे त्याने ठरवावे. मग त्याने जुन्या तुकड्याचे दोष एकेक करून दाखविले. एखादा अनुभवी वैद्य रोग्याला न दुखवता रोग सांगतो, तसे.

पहिला दोष लाकडाचा. आंब्याचे लाकूड, तेही बहुधा न वाळलेले. वाळताना ते आक्रसले, पिळले आणि पुढे त्यात कीड शिरली. दुसरा दोष खोबणीचा. बंदुकीची नळी बाहेरून सरळ नसते, मागे जाड आणि तोंडाकडे बारीक होत जाते. बापाने खोबण मात्र एकाच मापाची कोरली होती. त्यामुळे लाकूड मागच्या टोकाला तेवढे टेकत होते आणि पुढे मोकळे डुगडुगत होते. तिसरा दोष बांधणीचा. बार उडाला की बंदूक मागे झटका देते. लाकूड मात्र आपल्या जडपणाने जागीच राहू पाहते, म्हणजे नळीवरून पुढे, बारीक भागाकडे सरकते आणि प्रत्येक बारागणिक अधिक सैल होते. तिसऱ्या बाराला ते हातात का फिरले, याचे उत्तर येथे होते. चौथा दोष सर्वांत वाईट. पत्र्याच्या पट्ट्या मागच्या मूळ लाकडाला स्क्रूने जखडल्या होत्या. परिणामी ते मूळ लाकूड ओढून काढता येईना. ते निघेना म्हणून नळी वेगळी होईना. आणि नळी वेगळी होईना म्हणून वर्षानुवर्षे ती नीट साफ झाली नाही. तारेखाली आणि रबराखाली पावसाळी ओल साचून लोखंडावर गंजाचे व्रण पडले होते. सुदैवाने ते वरवरचे होते. खोल असते तर बंदूक मोडीत काढावी लागली असती, असे तो म्हणाला.

गृहस्थ हे सारे मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे त्यांना काहीच येत नव्हते.”

विक्रेत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. “येत नव्हते खरे. पण हे त्यांनी हौसेने केलेले नाही. हौसेचे काम असे नसते.”

त्या वाक्याकडे आम्ही तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही.

विक्रेत्याने कॅलिपरने नळीची मापे तीन ठिकाणी घेऊन कागदावर लिहून दिली. नळी आमच्याकडे येणार नव्हती, तेव्हा खोबण कशावर बसवून पाहायची हा प्रश्न होता. पण सावंतवाडी हे लाकडी खेळण्यांचे गाव. लाटणी आणि भोवरे कातणारे हात अजून येथे आहेत. एका कातारीने त्या तीन मापांवरून दीड हात लांबीचा, एका टोकाकडे निमुळता होत जाणारा दांडा अर्ध्या तासात कातून दिला. हा कशासाठी, असे त्याने विचारले. आम्ही सांगितले तेव्हा तो हसून म्हणाला, “बंदुकीचे खेळणे आम्ही करतो, फादर, बंदूक तुम्ही करता होय?”

लाकडासाठी आम्ही जुना साग निवडला. चर्चचे काही बाक वाळवीने खाल्ल्यामुळे काढून टाकले होते. त्यांचे शाबूत तुकडे मागच्या पडवीत होते. गृहस्थाने त्यांकडे बोट दाखविले. आम्ही थबकलो. ज्या लाकडावर गुडघे टेकून माणसांनी प्रार्थना केली ते बंदुकीला लावावे, हे मनाला रुचेना. आम्ही तसे सांगताच त्यालाही ते पटले. शेवटी आमच्या निवासाच्या जुन्या खिडकीची चौकट कामी आली. पन्नासएक पावसाळे पाहिलेला तो साग आता आणखी आक्रसण्याची भीती नव्हती.

काम संध्याकाळच्या मिस्सानंतर चाले. प्रथम रंधा मारून ठोकळा सरळ केला, मग गोल पटाशीने खोबण कोरायला घेतली. निमुळती खोबण नजरेने कोरता येत नाही. आमच्या वडिलांची त्यासाठी एक युक्ती होती. दिव्यावर काजळी धरून ती दांड्याला लावायची, दांडा खोबणीत दाबायचा आणि उचलायचा. जेथे लाकूड उंच आहे तेथे काळा डाग उमटतो. तेवढाच डाग खरवडायचा आणि पुन्हा दांडा दाबायचा. पहिल्यांदा दोनच डाग उमटतात. खोबण जसजशी नेमकी होत जाते तसतसे डाग वाढत जातात, आणि शेवटी सबंध खोबण काळी झाली म्हणजे समजायचे की आता दांडा सर्वत्र टेकतो आहे. नवशिक्याला वाटते डाग वाढले म्हणजे काम बिघडले. वास्तविक ते जुळत आलेले असते. सागाने पटाशीची धार पुनःपुन्हा मारली. चार संध्याकाळी गेल्या. गृहस्थ रोज येऊन बसे, पटाशी पाजून देई आणि बापाविषयी एक शब्द बोलत नसे.

पाचव्या दिवशी लाकूड पुरे झाले. बाहेरून गोलाई दिली, पॉलिश पेपर फिरवला, जवसाच्या तेलाचा पहिला हात दिला आणि सागाच्या रेषा उजळून आल्या. नऊ इंच, न कमी न अधिक. जुन्या तुकड्याच्या शेजारी आम्ही ते ठेवले तेव्हा आम्हांला जे वाटले त्याला अभिमान याखेरीज दुसरा शब्द नाही.

त्या संध्याकाळी गृहस्थाबरोबर त्याची आई आली होती. सत्तरी ओलांडलेली, काळ्या वस्त्रातली ती माउली ओसरीवर बसून आमचे काम पाहत होती. आम्ही नवे लाकूड दांड्यावर बसवून गृहस्थाच्या हाती दिले आणि म्हणालो, “धर, बंदूक धरतोस तशी.”

त्याने दांडा खांद्याशी नेला. त्याचा डावा हात सहजच मागे, अगदी मागच्या टोकाशी, पडला. पुढचे सहा इंच लाकूड मोकळेच राहिले. आम्ही म्हणालो, “पुढे धर.” त्याने हात पुढे नेला तर त्याचा खांदा ओढला गेला आणि दांड्याचे टोक हलू लागले.

आम्ही जुना तुकडा उचलून पाहिला. त्याच्या अगदी पुढच्या टोकाला, चिकटपट्टीच्या कडेला, अंगठ्याने झिजून एक गुळगुळीत खळगा पडला होता. मागचा भाग मात्र कोरा होता, कुणाचा हात न लागलेला.

“मावशी,” आम्ही विचारले, “हे हात एवढे लांब करून का धरीत असत?”

तिने आमच्याकडे जरा नवलाने पाहिले. “त्यांचा डावा हात कोपरात वाकत नव्हता ना, फादर. माडावरून पडले होते, तेव्हापासून. हाड सांधले, पण वाकडे. पुढे हात सरळच राहिला. बंदूक धरली की पंजा त्या लोखंडावरच यायचा. एकदा तळवा असा भाजला की महिनाभर जेवण मी भरवले. मग त्यांनी आंब्याची फांदी तोडून हे केले, एकाच रात्री. दुसऱ्या दिवशी भात वाचवायचे होते.”

“हे कधी?” गृहस्थाने विचारले.

“तू मुंबईला गेल्यावर दुसऱ्या वर्षी. कळवू नको म्हणाले. नोकरी सोडून येईल म्हणाले.”

गृहस्थ दांडा हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याने बापाचा हात न वाकणारा पाहिला नव्हता असे नाही; सुटीवर येई तेव्हा पाहिलाच असणार. पण म्हातारपणी सांधे धरतात असे त्याने धरून चालले होते. विचारले नव्हते.

आणि विचारले आम्हीही नव्हते. चार संध्याकाळी आम्ही त्या तुकड्याची लांबी, रुंदी, जाडी मोजली. विक्रेत्याने सांगितलेला प्रत्येक दोष काढला. आणि तो नऊ इंचांचा का, हा एक प्रश्न आमच्या मनात आला नाही. आम्ही एका न वाकणाऱ्या हातासाठी सुरेख लाकूड कोरून ते वाकणाऱ्या हाताच्या माणसाला देत होतो. ते सुबक होते, घट्ट होते आणि त्याच्या उपयोगाचे नव्हते. कबुली द्यायचीच तर ही द्यावी की क्षणभर आम्हांला त्या माउलीचा रागही आला. काम पुरे झाल्यावर तिने हे सांगितले म्हणून! ती तर रोज घरीच होती. विचारायला जायचे आम्ही होतो.

“किती कापायचे?” आम्ही विचारले.

गृहस्थाने पुन्हा दांडा खांद्याशी नेला, डोळे मिटले आणि हात सैल सोडून जेथे पडला तेथे बोटाने खूण केली. बार काढताना हात थोडा पुढे सरकतो, म्हणून त्यापुढे दोन बोटे सोडली. साडेचार इंच भरले. करवत आम्ही हातात घेतली खरी, पण त्या रेषांवर ती चालवणे आम्हांला जड जाऊ लागले. त्याने ती आमच्या हातातून हळूच घेतली आणि स्वतः चालवली.

पुढचे काम विक्रेत्याने केले. खोबणीला आतून पातळ चामडे लावले. लाकूड नळीवर धरून ठेवण्यासाठी स्प्रिंगच्या पोलादाच्या दोन उघड्या कड्या बसविल्या. आणि झटक्याने ते पुढे सरकू नये म्हणून मागच्या मूळ लाकडाला वळसा घालणारा, हातानेच सुटणारा एक चामडी पट्टा दिला. स्क्रू एकही नाही. बंदूक वापरून झाली की पट्टा सोडायचा, जोडलाकूड काढायचे, नळी पुसून तेलाचा हात द्यायचा आणि चामडे वेगळे वाळवायचे. ओले चामडे नळीवर तसेच राहिले तर तारेपेक्षा लवकर गंज आणील, असे त्याने तीनदा सांगितले. मग म्हणाला, “आणि बांधावर विजेरी धरणारा बंदुकीच्या मागे उभा राहील, पुढे नाही. लाकूड कितीही चांगले केले तरी.” आम्ही एवढे दोष मोजले होते, हा आमच्या यादीत नव्हता.

परवाना यायला डिसेंबर उजाडला. २०२४ चे भात बंदुकीवाचूनच राखावे लागले. पत्र्याचे डबे वाजवून आणि रात्री जागून निम्मे हाती लागले. गृहस्थाने मुंबईची नोकरी सोडली नाही, पण कापणीच्या आधीचा महिना तो आता गावी असतो.

जुन्या तुकड्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. गृहस्थाला तो आता ठेवावासा वाटत होता. तो पुसून, कागदात गुंडाळून त्याने घरात माळ्यावर ठेवला होता. आईने तो शोधून खाली काढला. “ह्याच्यात कीड आहे,” ती म्हणाली, “वाशांना लागेल.” आणि तिने तो न्हाणीच्या चुलीत घातला. गृहस्थाने हे आम्हांला सांगितले तेव्हा त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तार आणि पत्र्याच्या पट्ट्या राखेतून काढून तिने अंगणातल्या पडवळाच्या मांडवाला वापरल्या, हेही त्याने सांगितले.

२०२५ च्या ऑक्टोबरात एका रात्री डोंगराच्या बाजूने बार ऐकू आला. आम्ही जागे होतो. थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. तिसऱ्यानंतर आम्ही उठून खिडकीशी उभे राहिलो आणि काही आरडाओरडा होतो काय ते ऐकत राहिलो. चौथा बार झाला. पुढे रातकिडेच तेवढे ऐकू येत होते. मग आम्ही दिवा मालवला.